गेरूची साक्ष

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील घरोघरी मातीचा एक ओळखीचा वास दरवळू लागतो. भिंतींवर चुन्याचा हात फिरतो, अंगण शेणाने सारवले जाते आणि तुळशीवृंदावनाच्या कडांना गेरूचा पट्टा ओढला जातो. आमच्या कोंकणी बोलीत या तांबड्या मातीला काव म्हणतात. गोव्यातील व कोकणातील कित्येक जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा व कावेचा तांबडा यांच्या मेळातून जी वेलबुट्टी कोरलेली दिसते, तिला कावी हे नाव या मातीवरूनच पडले. गेरू म्हणा, काव म्हणा, हिच्यासारखा गरीब रंग दुसरा नाही. तो पेढीवरून डबीत आणावा लागत नाही. पायाखालची माती खणावी, वाटावी, पाण्यात कालवावी, की झाला रंग तयार.

या गरीब रंगावर एका भल्या गृहस्थाची सारी अब्रू एकदा टांगली गेली होती, असे आम्ही सांगितले तर आमच्या विद्यार्थिमित्रांस नवल वाटेल. तो गृहस्थ खोटा की खरा, याचा निवाडा एका गुहेच्या छतावरील गेरूच्या चित्रांवरून व्हावयाचा होता. निवाडा झाला, तो त्याच्या बाजूनेच झाला. परंतु तो ऐकावयास तो गृहस्थ जिवंत नव्हता. त्याचे नाव मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर कान्ताब्रिया नावाचा प्रांत आहे. एका बाजूस बिस्केचा उपसागर, दुसऱ्या बाजूस डोंगरांच्या रांगा, वर्षभर पाऊस आणि त्यामुळे सदा हिरवी राहणारी कुरणे, असा हा मुलूख. त्या हिरवळीखाली मात्र लोखंडाचे खनिज दडलेले आहे. पेन्या काबार्गा या डोंगराच्या परिसरातील खाणींतून ते पुष्कळ काळ काढले जात होते व तेथील माती तांबडी भडक आहे. डिचोली-सांगेकडच्या माणसाला ती माती पाहून आपल्या गावाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. या प्रांताच्या सान्तान्देर शहरात २ जून १८३१ रोजी साउतुओला यांचा जन्म झाला. घराणे सुखवस्तू होते, जमीनजुमला होता. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, परंतु त्यांचे मन रमले ते झाडांत, दगडांत आणि जुन्या वस्तूंत. ऑस्ट्रेलियाकडचा निलगिरीचा वृक्ष आपल्या प्रांतात रुजविण्याचे श्रेयही त्यांना देण्यात येते. कोणत्याही विद्यापीठात ते अध्यापक नव्हते. केवळ जिज्ञासेपोटी अभ्यास करणारा असा हा एक गृहस्थ होता, आणि हीच गोष्ट पुढे त्यांच्या विरुद्ध गेली.

सान्तियाना देल मार या गावाजवळच्या एका टेकाडास आल्तामिरा म्हणतात. साउतुओला यांच्या जमिनीवर मक्त्याने शेती करणारा मोदेस्तो कुबिल्यास नावाचा एक मनुष्य १८६८ च्या सुमारास तेथे शिकारीस गेला असता त्याचा कुत्रा खडकांच्या फटीत अडकला. कुत्र्याला सोडविण्यासाठी दगड दूर करता करता त्याला आत एक गुहा आढळली. त्या मुलखात गुहा पुष्कळ असल्याने या बातमीचा गाजावाजा झाला नाही. पुढे सात-आठ वर्षांनी साउतुओला स्वतः गुहेत गेले. आतील भिंतीवर त्यांना काळ्या रंगाच्या काही खुणा दिसल्या, परंतु त्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ज्या माणसाच्या नावाने ही गुहा पुढे जगाला माहीत व्हावयाची होती, तोही पहिल्या खेपेस तिच्याकडे डोळे असून पाहू शकला नाही.

१८७८ साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. साउतुओला तेथे गेले. फ्रान्समधील गुहांतून खणून काढलेली गारगोटीची हत्यारे आणि हाडांवर व शिंगांवर कोरलेली जनावरांची लहान लहान चित्रे तेथे मांडून ठेवली होती. हिमयुगातील माणसाने ही कोरीव कामे केली, हे तोपर्यंत विद्वानांस मान्य झाले होते. साउतुओला यांनी त्या वस्तू बारकाईने पाहिल्या. आपल्या मुलखातील गुहांतही अशा वस्तू असल्या पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात रुजला. ते घरी परतले ते कुदळ हाती घेण्याचा निश्चय करूनच.

१८७९ साली ते पुन्हा आल्तामिराच्या गुहेत उतरले. जमीन उकरून हाडे, शिंपले व गारगोटीचे तुकडे ते जमवू लागले. एके दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया होती. गुहेच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर एक दालन आहे. ते सुमारे १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असून त्याचे छत इतके ठेंगणे होते की काही ठिकाणी मोठ्या माणसाला कंबर वाकवूनच पुढे सरकावे लागे. वडील खाली मान घालून माती उकरीत होते. मुलगी लहान, तिला वाकण्याचे कारण नव्हते. दिव्याच्या उजेडात तिने सहज वर पाहिले, आणि वर बैल आहेत असे ओरडून तिने वडिलांना बोलाविले.

ते बैल नव्हते, गवे होते. आपल्या सह्याद्रीत हिंडणाऱ्या गव्याचा हा दूरचा भाऊबंद, बायसन. अंगावर दाट केस, खांद्यावर उंच वशिंड असा तो प्राणी. वीसहून अधिक गवे त्या छतावर होते. कोणी उभे, कोणी अंग आवळून बसलेले. त्यांच्या शेजारी एक भली मोठी हरिणी होती, तिची लांबी दोन मीटरांहून अधिक भरते. कोळशाने बाह्यरेषा काढून, गारगोटीच्या टोकाने ती खरवडून, आत तांबडा गेरू भरलेला होता. चित्रकाराची खरी करामत पुढेच आहे. छताच्या खडकाला जेथे नैसर्गिक फुगवटे होते तेथेच त्याने जनावरांची अंगे बसविली होती. दिवा हलला की गव्याची पाठ फुगल्यासारखी भासे. साउतुओला किती वेळ त्या छताखाली खिळून राहिले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता त्यांच्या विचाराची पद्धत पाहा. हर्षाने वेडे होऊन ते बाजारात धावले नाहीत. त्यांनी प्रथम ही चित्रे पॅरिसमध्ये पाहिलेल्या हाडांवरील चित्रांशी मनात ताडून पाहिली. प्राणी तेच होते, रेषेची धाटणी तीच होती. स्पेनमधून गवा हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. मग अलीकडच्या कोणा माणसाने न पाहिलेला प्राणी इतका हुबेहूब कसा काढावा? शिवाय गुहेचे तोंड कित्येक युगे दरडीने बुजलेले होते, आणि जमिनीत सापडणारी हत्यारे अश्मयुगातील होती. या साऱ्यांवरून चित्रेही त्या काळातील असावीत, असे अनुमान त्यांनी काढले. १८८० साली सान्तान्देर प्रांतातील काही प्रागैतिहासिक वस्तूंविषयी एक छोटी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली व तीत छताचे रेखाटनही दिले. लिहिताना त्यांनी फार जपून शब्द वापरले. माद्रिदच्या विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे अध्यापक हुआन विलानोवा इ पियेरा यांनी गुहा पाहिली आणि ते साउतुओला यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या. स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो हाही गुहा पाहून गेला. क्षणभर असे वाटले की आता जगाची मान्यता मिळणारच.

त्याच वर्षी, १८८० मध्ये, लिस्बन येथे मानववंशशास्त्र व प्रागैतिहासिक पुरातत्त्व यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या लिस्बनहून गोव्याचा कारभार त्या काळी चालत होता, तेच हे शहर. युरोपातील नाणावलेले विद्वान तेथे जमले होते. विलानोवा यांनी आल्तामिराचा विषय मांडला, गुहा पाहावयास या असे आग्रहाने निमंत्रण दिले. विद्वानांनी हा विषय विचारात घेण्याजोगाच मानला नाही. फ्रान्समधील या शास्त्राचे एक प्रमुख, एमिल कार्ताइयाक, यांनी तर गुहा प्रत्यक्ष न पाहताच विरोधी मत बनविले. १८८१ साली त्यांच्या सांगण्यावरून एदुआर आर्ले नावाचे अभियंते गुहा तपासून गेले व चित्रे अगदी अलीकडची असल्याचा त्यांनी निर्वाळा दिला.

आक्षेप कोणते होते, हे समजून घेणे बोधप्रद आहे. कारण ते मूर्खपणाचे नव्हते. पहिला आक्षेप असा की, अंधाऱ्या गुहेत चित्रे काढावयाची तर दिवा हवा, आणि दिव्याची काजळी छतावर कोठेच दिसत नाही. दुसरा असा की, रंग इतका ताजा आहे की बोट लावले असता बोटाला लागतो. हजारो वर्षांचा रंग असा कसा राहील? तिसरा आक्षेप असा की, चित्रे फारच उत्तम आहेत. प्रकाश, उठाव, हालचाल, सारे काही त्यांत आहे. रानटी माणसाच्या हातून हे होणे शक्य नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर साधे होते. जनावराच्या हाडातील मगज किंवा चरबी दगडी पणतीत घालून जाळली तर काजळी फार थोडी धरते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर खुद्द गेरूतच होते, आणि आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. लोखंडाला गंज चढतो तेव्हा लोखंड व प्राणवायू यांचा संयोग होतो, हे आपण शिकतो. गेरू म्हणजे निसर्गाने मातीत मिसळून ठेवलेला असा लोहाचा गंजच होय. त्यात पाण्याचा अंश धरून ठेवलेले लोहाचे संयुग असले की माती पिवळी दिसते. तिला आपण पिवडी म्हणतो. ही पिवडी विस्तवावर चांगली तापविली की त्यातील पाणी निघून जाते व ती तांबडी होते. अश्मयुगातील माणसालाही ही युक्ती ठाऊक होती. आता, जी वस्तू मुळातच पूर्ण गंजलेली आहे, ती आणखी काय गंजणार? उन्हाने फुलांचा, पानांचा, कापडाचा रंग उडतो. गेरूचा उडत नाही. त्यातून आल्तामिराच्या गुहेचे तोंड सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी दरड कोसळून बंद झाले होते. आत ऊन नाही, वारा नाही, उष्णता व ओलावा वर्षानुवर्षे जवळजवळ सारखाच. त्या ओलाव्यामुळे रंग बोटाला लागे. रंगाचा ताजेपणा हा लबाडीचा पुरावा नव्हता. तो गेरूच्या स्वभावाचा पुरावा होता.

परंतु तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देणे कठीण होते, कारण तो आक्षेप चित्रांवर नव्हता, पूर्वजांवर होता. मनुष्य रानटी अवस्थेतून पायरी पायरीने वर चढत आला आणि आपण एकोणिसाव्या शतकातील युरोपीय सर्वांत वरच्या पायरीवर उभे आहोत, असे त्या काळच्या विद्वानांचे मत होते. तळच्या पायरीवरच्या माणसाने असे चित्र काढले असे मानावयाचे, तर ती सारी जिन्याची कल्पनाच डळमळली असती. तेव्हा जिना सोडण्यापेक्षा चित्र खोटे ठरविणे त्यांना सोपे वाटले.

आणि चित्र खोटे ठरले की ते दाखविणारा खोटा ठरणे क्रमप्राप्तच होते. साउतुओला यांनी छतावरील चित्रांची नक्कल करून घेण्यासाठी पॉल रातिये नावाच्या एका मुक्या फ्रेंच चित्रकाराकडे ते काम सोपविले होते. झाले! त्यानेच ही चित्रे गुहेत काढली, अशी वदंता उठली. बिचाऱ्याने चित्रे पाहून उतरविली होती. लोक म्हणू लागले की उतरविलेली नव्हे, तीच मूळ. प्रख्यात पुरातत्त्ववेत्ते गाब्रिएल द मोर्तिये यांनी तर कार्ताइयाक यांना सावध करून कळविले की, नव्या शास्त्राची फजिती करण्यासाठी स्पेनमधील धर्मगुरूंनी रचलेला हा सापळा असावा. म्हणजे साउतुओला एक तर लबाड ठरले, नाही तर लबाडांच्या हातातले बाहुले. ज्या गृहस्थाने एक अक्षरही जपून लिहिले, त्याच्या वाट्याला हे आले.

ते काय करू शकत होते? विद्वानांच्या मासिकांत त्यांना कोणी विचारीत नव्हते. विलानोवा एकाकीपणे त्यांची बाजू मांडीत राहिले. साउतुओला यांनी आपले मत मागे घेतले नाही, आणि कोणावर प्रतिआरोप करून धुरळाही उडविला नाही. ३० मार्च १८८८ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, सान्तान्देर येथे त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १८९३ साली, विलानोवाही वारले. गुहेच्या बाजूने बोलणारी दोन्ही माणसे गेली. राहिला तो छतावरचा गेरू.

गेरूला घाई नव्हती. १८९५ साली फ्रान्समधील ला मूत येथील गुहेत, जुन्या मातीच्या थराने बुजलेली एक वाट मोकळी केल्यावर, आत कोरलेली व रंगविलेली जनावरे आढळली. ती वाट हिमयुगातील मातीने बंद झालेली असल्यामुळे अलीकडच्या कोणी आत जाऊन चित्रे काढली, असे म्हणण्याची सोय राहिली नाही. पुढच्याच वर्षी पेर-नाँ-पेर येथील गुहेत, मातीच्या थरांखाली गाडल्या गेलेल्या भिंतींवर कोरीव चित्रे मिळाली. १९०१ च्या सप्टेंबरात आंरी ब्रय, ल्युई कापितां व देनी पेरोनी या तिघांनी कोंबारेल व फाँ-द-गोम या गुहांतील चित्रे उजेडात आणली. फाँ-द-गोमच्या भिंतीवर तर तांबडे-काळे गवेच होते. आल्तामिराच्या गव्यांची जणू सख्खी भावंडे.

आता एमिल कार्ताइयाक यांच्यापुढे दोन वाटा होत्या. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट विसरून गेल्याचे दाखवावे, ही एक. अशा प्रसंगी पुष्कळ मोठी माणसे ही वाट धरतात. त्यांनी दुसरी धरली. १९०२ साली एका नावाजलेल्या फ्रेंच नियतकालिकात त्यांनी लेख लिहून, एका अविश्वासी माणसाचा अपराध-स्वीकार असे त्याला नाव दिले. आपण चुकलो, आपल्यामुळे एका सत्यावर व एका सत्यवादी माणसावर अन्याय झाला, हे त्यांनी सर्वांसमक्ष मान्य केले. त्याच वर्षी तरुण ब्रय यांना बरोबर घेऊन ते आल्तामिरास गेले. पूर्वी ज्या गुहेत पाऊल ठेवणे त्यांना आवश्यक वाटले नव्हते, त्याच गुहेच्या ठेंगण्या छताखाली ब्रय उताणे पडून चित्रांच्या नकला उतरू लागले. मोनाकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या साहाय्याने १९०६ मध्ये आल्तामिरावरील त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. साउतुओला यांच्या मृत्यूला तेव्हा १८ वर्षे झाली होती. मारिया मात्र हे सारे पाहावयास होती. तिचे आयुष्य १९४६ पर्यंतचे. वडिलांचे नाव डागाळले तेव्हा ती लहान होती, आणि ते धुऊन निघाले तेव्हा ती तिशी ओलांडलेली स्त्री होती.

पुढे विज्ञानाने आणखी साक्षी काढल्या. गेरूत कार्बन नसतो, म्हणून किरणोत्सर्गी कार्बनाच्या रीतीने त्याचे वय काढता येत नाही. परंतु गव्यांच्या काळ्या रेषा कोळशाच्या आहेत. त्या कोळशाच्या कणांवरून छतावरील गव्यांचा काळ साधारणपणे १४ ते १८ हजार वर्षांपूर्वीचा धरला जातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पद्धतीच्या तपासणीत, छतावरील एका तांबड्या खुणेवर साचलेल्या चुनखडीच्या पापुद्र्याचे वय मोजले गेले आणि ती खूण किमान ३५ हजार वर्षांपूर्वीची ठरली. म्हणजे त्या एका छताखाली माणसे हजारो वर्षे पिढ्यान्‌पिढ्या गेरू घेऊन येत राहिली. १९८५ साली युनेस्कोने या गुहेला जागतिक वारशात स्थान दिले.

एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. जो गेरू हजारो वर्षे अंधारात शाबूत राहिला, त्याला धोका उत्पन्न झाला तो माणसांच्या कौतुकामुळे. पाहणाऱ्यांच्या झुंडी लोटल्या आणि त्यांच्या श्वासाने गुहेतील हवेची उष्णता व ओलावा बदलला. १९७७ मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८२ पासून थोड्या लोकांना प्रवेश मिळे, तोही २००२ मध्ये थांबविण्यात आला. त्यानंतर आत जाऊ दिले ते अगदी मोजक्या माणसांना. २००१ पासून शेजारीच हुबेहूब प्रतिकृती उभी आहे व लोक तीच पाहून परततात.

हे सारे परदेशात घडले म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. आपल्याकडे मिर्झापूरच्या डोंगरांत आर्चिबाल्ड कार्लाइल या इंग्रज अधिकाऱ्याला १८६७-६८ च्या सुमारास, म्हणजे आल्तामिराच्या छताकडे मारियाची नजर जाण्यापूर्वी दहा-बारा वर्षे, खडकांवर गेरूची चित्रे आढळली होती. ती पुरातन असावीत असे त्याला वाटले, परंतु त्या शोधाची योग्य ती बूज झाली नाही. भोपाळजवळच्या भीमबेटका येथील खडकांवरील चित्रांचे महत्त्व उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ओळखले; मराठी मनुष्याने केलेले हे कार्य आपणा सर्वांस भूषणावह आहे. तेथेही लालसर गेरूने काढलेली जनावरे, शिकारी व नाचणारी माणसे आहेत. २००३ मध्ये तेही स्थळ जागतिक वारशात आले.

लेख येथे संपवावा असे मनात होते. परंतु दुसऱ्यांच्या चुका विद्यार्थ्यांपुढे मांडावयाच्या आणि स्वतःची झाकून ठेवावयाची, हे शिक्षकाला शोभणारे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका वार्षिक अंकासाठी मुलांकडून चित्रे मागविली होती. डोंगरपायथ्याच्या गावातून चालत येणारा आठवीतील एक मुलगा जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेला गवा घेऊन आला. अंग कोळशाने व कावेने रंगविलेले, पायांचे पांढरे मोजे चुन्याने काढलेले, आणि पाठीच्या उंचवट्याची रेषा अशी जिवंत की जनावर आता वळून पाहील असे वाटावे. हा मुलगा वर्गात कधी बोलत नसे. त्याच्या वह्या अस्वच्छ असत. चित्र कोणी काढून दिले, असे आम्ही त्याला विचारले. आपणच काढले, असे तो म्हणाला. आम्ही हसलो, आणि चित्र बाजूला ठेवले. त्याने पुन्हा काही सांगितले नाही. वर्ष संपताच शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तो आईवडिलांबरोबर कोठे दूर निघून गेला.

पुढे तुळशीच्या लग्नाला त्या गावी जाण्याचा योग आला. एका घराच्या मागील भिंतीवर, भात उकडण्याच्या चुलीच्या वर, कावेने काढलेल्या गव्यांची रांगच्या रांग होती. पाठीची तीच रेषा. चुलीपाशी बसलेल्या आजीबाईंनी सांगितले की नातू लहानपणापासून येथे बसून हेच करीत असे. आता तो येथे नसतो, म्हणून भिंत सारवावयास आपला हात धजत नाही. आम्ही त्यांच्याकडून पत्ता घेऊन मुलाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. त्याचा पुठ्ठा शाळेच्या कपाटात शोधला. तोही सापडला नाही.

साउतुओला यांचे चरित्र वाचताना आम्हांला कार्ताइयाक यांची आठवण अधिक येते, याचे कारण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. चित्र फारच चांगले आहे, एवढाच त्या मुलाविरुद्ध आमच्याजवळ पुरावा होता. त्या मुलाच्या हाती हा अंक कधी पडला, तर त्याने तो आमचा अपराध-स्वीकार समजावा. आणि आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे की, तुमचे खरे कोणी खोटे मानले तर साउतुओला यांच्याप्रमाणे आपल्या शब्दावर शांतपणे उभे राहा. आणि तुम्ही कोणाचे खरे खोटे मानाल, तर निकाल देण्यापूर्वी एकदा स्वतः गुहेत उतरून पाहा. छत ठेंगणे असेल, वाकावे लागेल. परंतु वर मान करून पाहिल्यावाचून परत फिरू नका.